चित्रपटाला उत्तर कागदपत्रांनी द्या

फेसबुकच्या जन्मकथेवरचा 'द सोशल नेटवर्क' हा चित्रपट १ ऑक्टोबर २०१० रोजी अमेरिकेत झळकला, तेव्हा कंपनीचे संस्थापक मार्क झुकरबर्ग २६ वर्षांचे होते. पहिल्याच दिवशी त्यांनी आपल्या कर्मचाऱ्यांना थिएटरात नेऊन तो दाखवला. पुढे पंधरवड्याने स्टॅनफर्ड विद्यापीठात नवउद्योजकांसमोर बोलताना त्यांनी चित्रपटावर मत दिले. पडद्यावर दिसलेला प्रत्येक शर्ट आणि प्रत्येक जाकीट आपल्याकडे खरोखरच आहे, कपड्यांचे तपशील अगदी अचूक आहेत, असे ते म्हणाले. चुकला तो हेतू, अशी त्यांची तक्रार होती. मुलींवर छाप पाडावी आणि हार्वर्डच्या प्रतिष्ठित क्लबांत शिरकाव व्हावा म्हणून या मुलाने फेसबुक उभारले, असे चित्रपट सुचवतो. प्रत्यक्षात फेसबुक सुरू होण्याआधीपासून आपण एकाच मुलीसोबत आहोत आणि केवळ काहीतरी घडवण्याच्या आवडीपोटी माणूस काम करू शकतो हे चित्रपटवाल्यांच्या ध्यानातच येत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. कपडे बरोबर आणि हेतू चूक, एवढ्यावर हा निकाल संपला. कपडे आणि हेतू यांच्या मधोमध जे असते, म्हणजे माणसाने प्रत्यक्षात काय केले, त्याबद्दल या प्रतिक्रियेत फारसे काही नव्हते. तंत्रज्ञान कंपन्यांच्या संस्थापकांना स्वतःवरच्या चित्रपटांबद्दल तक्रार करण्याचा पूर्ण अधिकार आहे आणि ती तक्रार अनेकदा खरीही असते. पण तिला किती वजन द्यायचे, हे तक्रारीसोबत त्यांनी नोंदी खुल्या केल्या की नाहीत, यावर ठरायला हवे.

आधी संस्थापकांची बाजू नीट समजून घेऊ, कारण ती पोकळ नाही. चित्रपटाचे पटकथाकार ॲरन सॉर्किन यांनी आपली निष्ठा सत्याशी नसून कथाकथनाशी आहे, असे उघडपणे सांगितले होते. चित्रपटाची सुरुवात ज्या प्रेयसीशी झालेल्या भांडणाने होते, ती एरिका ऑलब्राइट काल्पनिक आहे, आणि नायकाच्या वागण्याचे सगळे कारण मात्र त्या प्रसंगावर उभे केले आहे. ज्या पुस्तकावर चित्रपट बेतला, त्याचे लेखक बेन मेझरिक यांना माहिती देणारे सहसंस्थापक एदुआर्दो सॅव्हरिन यांनीही, हा चित्रपट करमणूक आहे, माहितीपट नव्हे, असे प्रदर्शनानंतर लिहिले. पुढे २०१४ मध्ये एका जाहीर प्रश्नोत्तरात झुकरबर्ग यांनी, चित्रपटात रचलेल्या काही गोष्टींनी आपल्याला दुखावले, असे सांगितले. ही वेदना खोटी मानायचे कारण नाही. उत्कृष्ट रूपांतरित पटकथेच्या ऑस्करसह तीन ऑस्कर मिळवणारा चित्रपट एखाद्याची जी प्रतिमा लोकांच्या मनात ठसवतो, ती शंभर खुलाशांनी पुसली जात नाही. हयात माणसाच्या तोंडी न बोललेले शब्द घालणे ही गंभीर बाब आहे आणि प्रत्येक पटकथाकाराने ती गंभीरपणेच घ्यायला हवी.

पण त्याच चित्रपटातला दुसरा प्रसंग पाहा. ऑक्टोबर २००३ मध्ये हार्वर्डच्या वसतिगृहात बसून झुकरबर्ग 'फेसमॅश' नावाचे संकेतस्थळ तयार करतात. वसतिगृहांच्या ऑनलाइन छायाचित्र-सूचींतून परवानगीविना फोटो उतरवून घ्यायचे, दोन शेजारी-शेजारी ठेवायचे आणि कोण अधिक आकर्षक यावर मत मागायचे, असा तो प्रकार. हा प्रसंग पटकथाकाराने रचलेला नाही. विद्यापीठाच्या शिस्तपालन मंडळापुढे झुकरबर्ग यांना उभे राहावे लागले, विद्यार्थिनींच्या संघटनांची माफी मागावी लागली आणि विद्यार्थ्यांच्या 'हार्वर्ड क्रिमसन' या दैनिकाने त्याच वेळी याच्या बातम्या छापल्या. चित्रपटानंतर साडेसात वर्षांनी, ११ एप्रिल २०१८ रोजी, अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे झुकरबर्ग यांना याबद्दल थेट विचारले गेले. दोन महिलांचे फोटो लावून कोण जास्त आकर्षक ते ठरवायचे, असेच ते होते ना, या प्रश्नावर त्यांनी कॉलेजात असताना केलेल्या त्या थट्टेच्या संकेतस्थळाचे हे वर्णन अचूक असल्याचे मान्य केले. फेसमॅशमधून फेसबुक जन्मले हा चित्रपटाचा धागा मात्र चुकीचा आहे, असेही त्यांनी सांगितले. खरे तर चित्रपटाला द्यायचे उत्तर असेच हवे होते. कोणती गोष्ट घडली, कोणती घडली नाही आणि दोहोंचा संबंध किती, हे त्यात तीन वाक्यांत स्पष्ट होते. २०१० मध्ये व्यासपीठावरून जे आले नाही, ते लोकप्रतिनिधींनी विचारल्यावर आले.

संस्थापकांच्या कथांत कल्पनेला एवढा वाव का मिळतो, याचेही उत्तर शोधले पाहिजे. फेसबुकची कल्पना आपली होती, असा दावा करणाऱ्या विंकलव्हॉस बंधूंशी कंपनीने २००८ मध्ये तडजोड केली आणि अटी गोपनीय ठेवल्या. साडेसहा कोटी डॉलरचा आकडा पुढच्या वर्षी बाहेर आला, तोही बंधूंच्या वकिलांच्याच प्रसिद्धिपत्रकातून. कंपनीतला हिस्सा कमी झाल्याच्या वादात सॅव्हरिन यांच्याशी झालेल्या तडजोडीनंतर सहसंस्थापकांच्या यादीत त्यांचे नाव परतले, पण करार बंदच राहिला. त्याआधी, २००७ मध्ये, '०२१३८' या नियतकालिकाने विंकलव्हॉस बंधूंच्या खटल्यातली कागदपत्रे आपल्या संकेतस्थळावर ठेवली होती. त्यांत झुकरबर्ग यांची त्या काळातली ऑनलाइन रोजनिशीही होती. ती काढून टाकण्यासाठी फेसबुकने न्यायालयात धाव घेतली आणि न्यायाधीशांनी नकार दिला. म्हणजे चित्रपट येण्याच्या तीन वर्षे आधी कंपनीची भूमिका कागद झाकण्याची होती. झाकलेल्या जागी पटकथाकार संवाद भरतो. ते संवाद खटकले तर पटकथाकाराला जाब विचारावा, पण जागा रिकामी कुणी ठेवली हेही विचारावे.

संस्थापकांची दुसरी ठरलेली प्रतिक्रिया म्हणजे विषय बदलणे. २४ सप्टेंबर २०१० रोजी न्यूयॉर्क चित्रपट महोत्सवाचे उद्घाटन 'द सोशल नेटवर्क'ने झाले आणि त्याच दिवशी ओप्रा विन्फ्री यांच्या कार्यक्रमात झुकरबर्ग यांनी न्यूअर्क शहराच्या शाळांसाठी दहा कोटी डॉलरची देणगी जाहीर केली. ही देणगी चित्रपटाला उत्तर म्हणून दिली, असा आरोप करण्याची गरज नाही. शाळांना पैसे मिळाले ही चांगलीच गोष्ट आहे. पण देणगी कितीही मोठी असली तरी 'भागीदाराचा हिस्सा कसा कमी झाला' या प्रश्नाचे ते उत्तर होत नाही. ॲपलचे संस्थापक स्टीव्ह जॉब्स यांनी १९९९ मध्ये वेगळा मार्ग धरला. 'पायरेट्स ऑफ सिलिकॉन व्हॅली' या दूरचित्रवाणीपटात त्यांची भूमिका करणारे नोआ वायली यांना त्यांनी न्यूयॉर्कच्या मॅकवर्ल्ड परिषदेत चक्क आपल्या जागी रंगमंचावर पाठवले, मग स्वतः येऊन त्यांच्या लकबी सुधारून दिल्या. सभागृहाने दाद दिली आणि चित्रपटाने विचारलेले प्रश्न त्या टाळ्यांत मागे पडले. खिलाडूपणा हा गुण आहे, पण तो खुलाशाची जागा घेऊ शकत नाही.

याउलट ॲपलचे दुसरे संस्थापक स्टीव्ह वॉझनियाक काय करतात, ते जवळून पाहण्यासारखे आहे. 'पायरेट्स'बद्दल प्रेक्षकांनी पाठवलेल्या प्रश्नांना त्यांनी आपल्या संकेतस्थळावरून प्रसंगवार उत्तरे दिली. कुठे स्थळ बदलले आहे, कुठे काळ सरकवला आहे आणि कुठे माणूस अचूक उतरला आहे, हे त्यांनी वेगवेगळे सांगितले. २०१३ च्या 'जॉब्स' चित्रपटाची पटकथा वाचून त्यांनी त्यात सामील व्हायचे नाकारले आणि नापसंतीची कारणेही जाहीरपणे मांडली. २०१५ च्या 'स्टीव्ह जॉब्स'चे ते मानधन घेणारे सल्लागार होते, त्यामुळे त्या चित्रपटाची त्यांनी केलेली स्तुती जपून घ्यावी लागते. तरीही पडद्यावरचा वॉझनियाक जे बोलतो तसे आपण जॉब्सना कधी बोललो नाही, हे सांगायला त्यांनी कमी केले नाही. त्याच २०१५ मध्ये ॲपलचे प्रमुख टिम कुक यांना दूरचित्रवाणीवर जॉब्सवरच्या चित्रपटांबद्दल विचारले, तेव्हा त्यांनी ते न पाहताच, अनेक जण संधी साधू पाहत आहेत आणि आपल्याला याची चीड येते, असे उत्तर दिले. मित्राच्या मृत्यूला चार वर्षेही झालेली नसताना हा संताप समजण्यासारखा आहे. पण प्रेक्षकाच्या ज्ञानात वॉझनियाक यांच्या उत्तराने भर पडते, कुक यांच्या उत्तराने पडत नाही.

तिसरी प्रतिक्रिया सर्वांत घातक, ती म्हणजे चित्रपट दिसूच न देणे, आणि तिचे ठळक उदाहरण भारतातले आहे. सत्यम कॉम्प्युटर्सचे संस्थापक रामलिंग राजू यांनी ७ जानेवारी २००९ च्या पत्रात हिशेब फुगवल्याची कबुली दिली. एप्रिल २०१५ मध्ये हैदराबादच्या विशेष न्यायालयाने त्यांना सात वर्षांची शिक्षा सुनावली आणि त्यांनी त्याविरुद्ध अपील केले. २०२० मध्ये नेटफ्लिक्सची 'बॅड बॉय बिलियनेअर्स: इंडिया' ही माहितीपट मालिका येऊ घातली, तेव्हा राजू हैदराबादच्या दिवाणी न्यायालयात गेले आणि त्यांच्यावरच्या भागाला स्थगिती मिळाली. ऑक्टोबर २०२० मध्ये मालिका विजय मल्ल्या, नीरव मोदी आणि सुब्रत रॉय यांच्यावरच्या तीन भागांसह आली, राजूंचा भाग वगळून. अपील प्रलंबित असताना आपल्याविषयी अर्धवट चित्र जाऊ नये, हा युक्तिवाद अगदीच टाकाऊ नाही. परंतु सत्यममध्ये पैसे बुडालेल्या भागधारकांनी आणि नोकरीची धास्ती घेतलेल्या कर्मचाऱ्यांनी हा भाग पाहून स्वतःचे मत बनवण्याआधीच तो अडवला गेला. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ च्या राजगोपाल निकालात, सार्वजनिक नोंदींवर आधारलेल्या प्रकाशनाला व्यक्तीच्या खासगीपणाच्या नावाखाली सरसकट अडवता येत नाही, असे तत्त्व घालून दिले आहे. बदनामी झाली तर नंतर दाद मागता येते. आधीच तोंड बंद करण्याची सवय लागली, तर ज्याच्याकडे वकिलांचा ताफा आहे त्याचीच कथा उरते.

यावर पहिला आक्षेप खासगी आयुष्याचा. संस्थापकाच्या घरात काय घडले याच्याशी लोकांना काय करायचे आहे? हा आक्षेप बऱ्याच अंशी मान्य करावा. त्यांच्या जोडीदारांनी, मुलांनी आणि मित्रांनी प्रसिद्धी मागितलेली नसते. पण 'खासगी' कोणाचे, हाही प्रश्न आहे. जॉब्स यांनी कन्या लिसा हिचे पितृत्व आधी नाकारले होते, आणि ही गोष्ट जेवढी वडिलांची तेवढीच मुलीचीही होती. २०१८ मध्ये लिसा ब्रेनन-जॉब्स यांनी आपले आत्मकथन प्रसिद्ध केले. आपल्या आठवणीतले चित्र फार वेगळे आहे, असे जॉब्स यांच्या कुटुंबीयांनी त्यावर म्हटले. दोन्ही बाजू वाचकांसमोर आल्या आणि हेच योग्य झाले. दुसरा आक्षेप असा की कंपनीच्या नोंदी खुल्या करणे व्यवहारात अशक्य आहे, कारण त्यांत स्पर्धकांपासून जपायची गुपिते आणि तिऱ्हाइतांची माहिती असते. गुपिते खुशाल जपावीत. पण फेसबुकनेच हे शक्य असल्याचे दाखवून दिले आहे. सप्टेंबर २०२१ मध्ये, कंपनीच्या माजी कर्मचारी फ्रान्सिस हॉगेन यांनी बाहेर काढलेल्या कागदपत्रांच्या आधारे 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने इन्स्टाग्रामचा किशोरवयीन मुलींवर होणारा परिणाम मांडला, तेव्हा महिनाअखेरीस कंपनीने आपल्या अंतर्गत संशोधनाची दोन सादरीकरणे टिपणांसह स्वतःच प्रसिद्ध केली. टिपणे स्वतःच्या बचावाची होती, हरकत नाही. वाचकाला मूळ पान आणि बचाव शेजारी-शेजारी ठेवून पाहता आले. फक्त त्यासाठी आधी कुणीतरी कागद बाहेर काढावे लागले.

तिसरा आक्षेप सर्वांत सरळ आहे. खोटे रचणाऱ्याने पुरावा द्यावा, ज्याच्यावर रचले त्याने का? सर्वसामान्य माणसाच्या बाबतीत हे शंभर टक्के खरे. पण ज्यांच्या कंपनीकडे कोट्यवधी लोकांच्या ओळखी, आवडीनिवडी आणि हालचालींच्या नोंदी असतात, त्यांनी घेतलेले निर्णय ही त्यांची घरगुती बाब उरत नाही. त्या निर्णयांचा जाब विचारण्याचा हक्क वापरकर्त्यांना आहे आणि चित्रपट हा तो विचारण्याचा एक मार्ग आहे, अपुरा आणि कधी अन्यायकारकही. निर्मात्यांवरची जबाबदारी यामुळे कमी होत नाही. कोणते पात्र आणि कोणता प्रसंग रचलेला आहे, हे त्यांनी चित्रपटासोबतच प्रेक्षकांना स्पष्ट सांगावे. 'सत्य घटनेवर आधारित' या पाटीमागे लपण्याची सोय त्यांनाही असू नये.

हॉगेन प्रकरणावर बेतलेला सॉर्किन यांचा 'द सोशल रेकनिंग' हा पुढचा चित्रपट ऑक्टोबर २०२६ साठी जाहीर झाला आहे. या वेळी कथेच्या मुळाशी एका वसतिगृहातले भांडण नसून कंपनीचे स्वतःचे संशोधन आहे, त्यामुळे 'हेतू चुकला' एवढे उत्तर पुरणार नाही. कंपनीने आतापासूनच त्या काळातले संशोधन, त्यावर झालेल्या चर्चा आणि घेतलेले निर्णय तारखेनिशी लोकांपुढे ठेवावेत, म्हणजे पडद्यावरचे खरे-खोटे कुणालाही तपासता येईल. प्रेक्षकांनीही चित्रपटाला साक्षीपुरावा समजू नये आणि संस्थापकाच्या नाराजीला खंडन समजू नये. नाराजीसोबत कागद आला तर तो जरूर वाचावा. कागद आलाच नाही, तर त्या तक्रारीला वजन देण्याचे कारण नाही.