एफ्लक्स पंप रोखणारे अर्क: पुरावा कशाला म्हणावे?

जिवाणूच्या पेशीपटलातील काही प्रथिने आत शिरलेले प्रतिजैविक पुन्हा बाहेर फेकतात. त्यांना एफ्लक्स पंप म्हणतात. टेट्रासायक्लिनला दाद न देणारा ई. कोलाय हे औषध ऊर्जा खर्चून बाहेर टाकतो, हे स्टुअर्ट लेव्ही आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये दाखवले. पंप अडला तर निकामी झालेले औषध पुन्हा लागू पडेल, या अपेक्षेने वनस्पतींचे अर्क तपासले जातात.

पूर्वपक्ष असा: अर्काची चकती जिवाणू पेरलेल्या आगरावर ठेवली, भोवती वाढ खुंटल्याचे वर्तुळ उमटले आणि प्रतिजैविकासोबत ते रुंदावले, की अर्काने पंप रोखला. हा निष्कर्ष टिकत नाही. वर्तुळाचा आकार अर्क आगरात किती पसरतो यावरही ठरतो. अर्क स्वतःच जिवाणू मारत असेल किंवा पटल फाडत असेल, तरीही वर्तुळ रुंदावते.

याहून मोठा दोष उलट बाजूचा आहे. स्टरमिट्झ, लुईस आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये दारुहळदीच्या बर्बेरिस वंशातील वनस्पतींत एक संयुग दाखवले: ५′-मेथॉक्सिहायड्नोकार्पिन. एकट्याने ते स्टॅफिलोकोकस ऑरियसला मारत नाही. मात्र या जिवाणूचा नॉरए पंप अडवते आणि त्याच वनस्पतीतले जिवाणूरोधक बर्बेरिन पेशीत साठू लागते. केवळ चकतीवर विसंबले असते तर हे संयुग पहिल्याच फेरीत बाद झाले असते.

म्हणून कसोटी वेगळी हवी. आधी अर्काची स्वतःची एमआयसी, म्हणजे वाढ रोखणारी किमान मात्रा, काढावी. मग तिच्या चौथाईइतका किंवा त्याहून कमी अर्क घालून प्रतिजैविकाची एमआयसी चौपट तरी उतरते का, हे पाहावे. पंप जादा बनवणारा आणि पंपाचे जनुक काढलेला, असे दोन्ही वाण घ्यावेत. दुसऱ्यातही तेवढीच घट दिसली, तर श्रेय पंपाला देता येत नाही. शेवटी पेशीत इथिडियम ब्रोमाइड हा चमकणारा रंग भरून पंपाला ऊर्जा म्हणून ग्लुकोज द्यावे. पंप चालू असेल तर चमक ओसरते, अडला असेल तर टिकते. मात्र रंगीत अर्क ही चमक स्वतःच झाकू किंवा वाढवू शकतो, आणि पटलाची ऊर्जा मोडणारे द्रव्यही पंप थांबवते. त्यामुळे नुसता अर्क, नुसते द्रावक आणि पटलाची शाबूत अवस्था यांची तपासणी सोबत हवीच.

नमुन्याची ओळखही पुराव्याचा भाग आहे. परंडा तालुक्यातील सोनारीच्या माळावरचा तरवड कोणत्या ऋतूत तोडला, पान घेतले की साल, यावर घटक बदलतात. पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रासारख्या ठिकाणी ओळख पटवून नमुना जपला नाही, तर दुसऱ्याला तो प्रयोग पुन्हा करता येत नाही.

दुसरा आक्षेप असा की अर्क म्हणजे गोंधळलेले मिश्रण. त्यातून काही हाती लागणार नाही. तोही खोटा ठरतो. मिऱ्यातील पायपेरीन सिप्रोफ्लॉक्सासिनची स्टॅफिलोकोकसवरील एमआयसी उतरवते, हे जम्मूच्या संशोधकांनी २००६ मध्ये दाखवले. सर्पगंधेतील रेसरपीनही नॉरए अडवते. पण त्यासाठी लागणारी मात्रा माणसाला विषारी ठरते. पंपाला चकवणारा दुसरा मार्गही आहे: छत्रपती संभाजीनगरात संशोधन केंद्र असलेल्या वॉकहार्टच्या लेव्होनॅडिफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकावर नॉरएचा परिणाम होत नाही.

तेव्हा अर्कात शोध घेणे योग्यच आहे; मात्र ‘पंप रोखला’ हे विधान पंप असलेल्या आणि नसलेल्या वाणांतील फरकावरच उभे राहू शकते, थाळीवरच्या वर्तुळावर नाही.