ठेका कुणाचा?

अजय-अतुलबद्दल बोलायला बसलं की दोन गट पडतात. एक गट म्हणतो, यांनी मराठी गाणं हॉलिवूडपर्यंत नेलं. दुसरा म्हणतो, लोकसंगीताचा पार डीजे करून टाकला. मला दोन्ही पटत नाही. मिसळण्यात वाईट काय आहे? भजनातली पेटी युरोपातूनच आली आणि आज पेटीशिवाय भजन कुणाला चालत नाही. लग्नाच्या बँडमधलं क्लॅरिनेट तरी कुठं आपलं होतं!

प्रश्न मिसळण्याचा नाही. मिसळताना कुणाचं नाव राहतं आणि कुणाचं जातं, याचा आहे.

‘सैराट’ २०१६ च्या एप्रिलमध्ये आला. तेव्हा आपल्यातले बरेच जण प्राथमिक शाळेत होते, तरी ‘झिंगाट’ सगळ्यांना पाठ. या चित्रपटाच्या गाण्यांतला सिंफनी ऑर्केस्ट्रा अमेरिकेत, सोनीच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला, हेही सगळ्यांना माहीत. ‘याड लागलं’ सुरू होताना व्हायोलिनचा ताफा उठतो तेव्हा अंगावर काटा येतो, हे मी नाकारत नाही. पण ‘झिंगाट’ उचलून धरतो तो ठेका व्हायोलिनचा नाही. तो वरातीचा आहे. हलगी, ताशा, गल्लीत धूळ उडवत नाचणारी पोरं, तिथला. खाली क्लबमधल्यासारखा बेस घातलाय, पण पाय उचलतात ते वरातीच्या चालीवर.

आता वर्गात विचारून बघा. स्टुडिओचं नाव पटकन सांगतील. तालवाद्यं कुणी वाजवली? सगळे गप्प.

हलगी म्हणजे लाकडी किंवा लोखंडी कड्यावर ताणलेलं चामडं. वाजवायच्या आधी ती शेकोटीवर शेकतात, चामडं ताठ होतं, मग आवाज कडक निघतो. महाराष्ट्रात ती पिढ्यान्‌पिढ्या मातंग समाजाच्या हातात राहिली. चामड्याला हात लावणारा गावाबाहेर, आणि त्याच्या वाद्याशिवाय गावातलं एकही कार्य पुढं सरकत नाही, असा सगळा हिशोब. ‘सैराट’ची गोष्टच जातीची आहे. म्हणून तर हे जास्त टोचतं. गोष्ट बघून आपण रडलो, ठेक्यावर नाचलो, आणि दोन्हींचा संबंध लावलाच नाही.

अजय-अतुलना यात दोषी धरायला मी तयार नाही. अजय गोगावलेंचा आवाज ऐका. माइक नसताना जत्रेच्या टोकापर्यंत पोचावा अशी उंच पट्टी. ती पॉपवाल्यांकडून आलेली नाही. ‘जोगवा’साठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो यल्लम्माच्या जोगत्या-जोगतिणींच्या दुनियेत शिरून केलेल्या कामाला. आणि ‘सैराट’ची गाणी बहुतेक त्यांनीच लिहिली, त्यांनीच गायली. काम त्यांनी चोख केलंय. कमी पडतोय तो आपण, ऐकणारे.

सेनेगलचा यूसू न्दूर इथं आठवतो. जन्म डाकारचा, १९५९ चा. आई ग्रिओ घराण्यातली. ग्रिओ म्हणजे वंशावळ्या, स्तुती, इतिहास गाऊन सांगणारे पिढीजात गायक. लग्नकार्यात त्यांच्यावाचून चालायचं नाही, पण त्यांच्या घरात मुलगी द्यायला लोक तयार नसत. वाचताना ओळखीचं वाटतं ना? न्दूर तरुण होता तेव्हा डाकारच्या क्लबांत क्यूबन संगीत चाले, गायक स्पॅनिशमधून गात. त्यानं आणि त्याच्या बरोबरीच्यांनी गाणं वोलोफ भाषेत आणलं आणि गिटार-ट्रम्पेटच्या मध्यभागी साबार ढोल उभे केले. याला म्बालाख म्हणतात. काखेत दाबून वाजवायचं तामा नावाचं छोटं वाद्यही त्यात आलं. न्दूरच्या बँडमध्ये ते वाजवणारा आसान त्याम स्वतःच्या नावानं ओळखला जातो. नेने चेरीबरोबरचं न्दूरचं ‘सेव्हन सेकंड्स’ १९९४ मध्ये जगभर गाजलं, पुढं २०१२ मध्ये तो देशाचा सांस्कृतिक मंत्रीही झाला. मला मात्र त्या मंत्रिपदापेक्षा तामावाल्याचं नाव लोकांना माहीत असणं मोठं वाटतं.

आता आपल्या बालाघाटकडं या. वारासिवनी, कटंगी, लांजीकडच्या लग्नांत बारात निघाली की ‘झिंगाट’ लागतंच. मराठी घर असो, पोवारी असो की हिंदी. आपल्याकडं हलगी फारशी नाही. पण बैहर, परसवाडा, बिरसा भागातल्या गोंड आणि बैगा गावांत मांदर आहे, टिमकी आहे. मांदर गळ्यात अडकवतात, दोन्ही तोंडांनी वाजवतात. करमा नाचात नाचणाऱ्यांची रांग वाकते, उठते ती त्याच्या इशाऱ्यावर. वाजवणारा ठेका बदलतो तसा पाय बदलतो.

आणि वार्षिकोत्सवात काय होतं? ‘आदिवासी नृत्य’ असं कार्डावर छापतात. पोरं मोरपिसं खोचतात, गालाला रंग लावतात, पेनड्राइव्ह लावतात. ठेका मशीनचा, म्हणजे नाचणाऱ्यांकडं बघून तो बदलणार कसा? नाव कुणाचंच नाही. त्याच सभागृहात बैगा-गोंड घरांतली मुलंमुली बसलेली असतात, त्यांच्या काका-आजोबांना हे वाजवता येतं, आणि त्यांना कुणी विचारत नाही. ती मुलंही सांगत नाहीत. का सांगत नाहीत, ते त्या मोरपिसांकडं बघून कळतं.

मंडळाच्या पुढच्या बैठकीत मी एवढंच मांडणार आहे. एक नाच कमी करा, पेनड्राइव्ह बंद ठेवा आणि एका मांदरवाल्या मंडळींना रीतसर बोलवा. जाण्यायेण्याचं भाडं, जेवण आणि मानधन द्यायचं, शाल-श्रीफळावर भागवायचं नाही. कार्डावर पाहुण्यांची नावं जेवढ्या मोठ्या अक्षरात, तेवढ्याच मोठ्या अक्षरात वाजवणाऱ्यांची. आपल्या गिटारवाल्या पोरांना त्यांच्याबरोबर वाजवायचं असेल तर खुशाल वाजवू द्या, पण ठेका मांदरचा आणि गिटार त्याच्या मागं. मानधन किती, हे आपण इथं बसून ठरवायचं नाही, त्यांना विचारायचं. दिवाळीनंतर मंडया सुरू होतात, तेव्हा सगळे गावातच भेटतील. बैहरला बस आहे.