छपराआधी हक्क

ट्रॉम्बेच्या औष्णिक केंद्रातून निघणाऱ्या विजेवर मुंबईतील कचेऱ्या थंड राहतात. त्याच ट्रॉम्बेच्या चीता कॅम्पात पत्र्याखाली राहणारे श्रमिक कुटुंब वैशाखात भाजून निघते. त्याला ‘वीज वाचवा’ असा उपदेश करणे ही क्रूर थट्टा होय.

विजेची बचत मीटरपाशी नव्हे, भिंतीपाशी आणि छपरापाशी सुरू होते. त्याचे ज्ञान महाग नाही. लॉरी बेकर यांनी केरळात विटा कडेवर उभ्या रचून मध्ये पोकळी सोडणाऱ्या भिंती बांधल्या. त्यात सुमारे चतुर्थांश विटा वाचतात आणि पोकळीतील हवा उष्णता अडवते. स्लॅबच्या खालच्या थरात मंगलोरी कौले बसविली की काँक्रीट कमी लागते. छपरावर दर उन्हाळ्यापूर्वी चुन्याचा पांढरा हात देणे तर कोणालाही परवडते.

मग गरीब माणूस असे घर का बांधीत नाही? अज्ञानामुळे नव्हे, अस्थैर्यामुळे. १९७६ साली, आणीबाणीत, जनता कॉलनी जमीनदोस्त करून तेथील हजारो कुटुंबे चीता कॅम्पात हलविण्यात आली. ती कॉलनीही मुळात विस्थापितांचीच होती! ज्याचे घर केव्हाही उठविले जाईल, तो पिढीभर टिकणाऱ्या भिंतीत पैसा कसा घालील? उचलून नेता येणारा पत्राच त्याच्या हिशेबात शहाणपणाचा ठरतो.

म्हणून आधी जागेचा कायम हक्क, मग अल्प व्याजाचे कर्ज आणि तंत्राचे साहाय्य, हाच क्रम योग्य. वस्तीवस्तीतील कार्यकर्त्यांनी ही मागणी लावून धरली पाहिजे.