‘वॉटरप्रूफ’चा शिक्का आणि भारतीय पाऊल

एप्रिल २०२४ मध्ये एक बातमी देशभर झळकली : भारतीयांच्या पायांसाठी आता स्वतंत्र मापपद्धती येणार आणि तिचे नाव ‘भा’. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात ७९ ठिकाणी १,०१,८८० लोकांची पावले त्रिमितीय यंत्राने मोजली. भारतीय पाऊल पुढच्या भागात युरोपीय किंवा अमेरिकी पावलापेक्षा रुंद असते, असे त्यातून निघाले. बातम्यांचा सूर राष्ट्राभिमानाचा होता. इंग्रजांनी मागे ठेवलेले माप अखेर जाणार, असा. अभिमान बाळगायला हरकत नाही. परंतु या निष्कर्षाचा सरळ अर्थ असा की कोट्यवधी लोक पिढ्यानपिढ्या परक्या पावलाच्या साच्यात स्वतःचे पाऊल कोंबत आले आहेत. त्यावर मात्र फारसे कोणी बोलले नाही.

शहरी वापराच्या बुटात हा अन्याय खपून जातो. डोंगरवाटेवर खपत नाही. आणि जिथे तो सर्वाधिक महाग पडतो ती वस्तू म्हणजे ‘वॉटरप्रूफ’ हा शब्द छापून विकला जाणारा गिर्यारोहणाचा बूट.

पादत्राणांच्या धंद्यात ज्याला फर्मा म्हणतात, त्या पायाच्या आकाराच्या ठोकळ्यावर बूट बेतला जातो. खोक्यावरचा अंक त्या फर्म्याची फक्त लांबी सांगतो. इंग्रजी पद्धतीत एका अंकाचा फरक म्हणजे एक तृतीयांश इंच, सुमारे ८.५ मिलिमीटर; युरोपीय पद्धतीत सुमारे ६.७ मिलिमीटर. रुंदीचा उल्लेखही नसतो. मग रुंद पावलाचा माणूस काय करतो? एक अंक मोठा बूट घेतो. पुढे चवडा मोकळा होतो, पण टाच सैल पडते. २५ अंशांच्या उतारावर शरीराच्या वजनाचा सुमारे ४२ टक्के भाग उताराच्या दिशेने ढकलत असतो. तो अडवायचा कोणी? घोट्यापुढच्या उंचवट्यावर आवळलेल्या नाडीने आणि तळव्याखालच्या घर्षणाने. बुटात जागाच जास्त असेल तर नाडी कितीही आवळली तरी पाऊल पुढे घसरते, बोटे टोकाला आदळतात आणि तासाभराच्या उतरणीत अंगठ्याचे नख काळे पडते. दुकानातल्या गालिच्यावर चार पावले टाकून यातले काहीही कळत नाही.

‘वॉटरप्रूफ’ रचना हा दोष आणखी पक्का करते. जुना चामडी जोडा काही आठवड्यांत पायाला सरावतो, चवड्याशी फाकतो. जलरोधक बुटाच्या आत मात्र पातळ पडद्याचा, मोज्यासारखा शिवलेला एक अखंड थर असतो. त्याच्या शिवणी पट्टीने बंद केलेल्या असतात आणि पुढे बोटांभोवती बहुधा रबरी कडे चिकटवलेले असते. ही बांधणी फारशी ताणली जात नाही. ताणली तर शिवणी उकलण्याचा धोका. म्हणजे जो बूट पायाप्रमाणे सर्वांत कमी बदलतो, तोच परक्या फर्म्यावर बेतून, सर्वांत चढ्या किमतीला विकला जातो.

पडद्याची गोष्ट मात्र न्यायाने सांगायला हवी. १९६९ मध्ये बॉब गोर यांनी टेफ्लॉन झटक्यात ताणून सूक्ष्म छिद्रांचा पडदा मिळवला. पदार्थविज्ञानाच्या दृष्टीने ती सुंदर करामत होती. छिद्राचा व्यास ०.२ मायक्रोमीटर आणि पाण्याचा स्पर्शकोन ११० अंश धरला, तर पृष्ठताणामुळे पाण्याला त्यातून शिरण्यासाठी सुमारे ५ वातावरणांचा दाब लागतो. तो ५० मीटर उंच जलस्तंभाचा दाब झाला. प्रत्यक्षातली मोठी छिद्रे धरून हा आकडा खाली आला, तरी गळती सहसा पडद्यातून होत नाही. गळतात त्या शिवणी, हजारो वेळा वाकून तडकलेल्या घड्या आणि अर्थातच पाय घालण्याचे भोक, ज्याला कोणताही पडदा नसतो. गुडघाभर ओढा ओलांडताना बूट वरून भरतो, आणि मग तोच जलरोधक थर पाणी इमानदारीने आत कोंडून ठेवतो.

खरा घोटाळा ‘श्वास घेतो’ या दुसऱ्या दाव्यात आहे. पडदा श्वास घेत नाही. वाफ त्यातून जाते ती आतल्या आणि बाहेरच्या बाष्पदाबातील फरकामुळे. पायाजवळ ३३ अंश सेल्सिअसला संपृक्त हवेचा बाष्पदाब सुमारे ५ किलोपास्कल असतो. बाहेर १० अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रता असेल, तर तिथला दाब ०.६, फरक ४.४ किलोपास्कल. हे झाले आल्प्समधल्या कोरड्या थंड दिवसाचे गणित. आता जुलैतला सह्याद्री घ्या किंवा मेघालयातले मॉसिनराम : २४ अंश, हवा तुडुंब ओली, बाहेरचा दाब ३ आणि फरक जेमतेम २. वाफ ढकलणारा जोर निम्म्याहून कमी झाला. त्यात बुटाचे बाहेरचे कापड भिजले की त्यावर पाण्याचा थर बसतो आणि वाट आणखी अडते. घामग्रंथींची सर्वाधिक दाटी असलेल्या भागांपैकी तळपाय एक आहे. तो आपले काम थांबवत नाही. दुपारपर्यंत मोजा पिळता येतो, आणि बुटाचा मालक समजतो की बूट गळला.

ओलसर कातडीचे घर्षण कोरड्या कातडीपेक्षा जास्त असते. सैल टाच, ओला मोजा आणि दिवसभरात उतरणीला लागून सुजलेले पाऊल ही तीन कारणे एकत्र आली की फोड येतोच. जाहिरात त्यावर उपाय म्हणून त्याहून महागडे मोजे दाखवते.

ज्यांना रोज त्या वाटांवर चालायचे असते, ते काय घालतात हेही पाहण्यासारखे आहे. लडाखमध्ये गोठलेल्या झंस्कार नदीवरच्या चादर वाटेवर सर्रास दिसतो तो साधा रबरी गमबूट. त्यातून वाफ अजिबात जात नाही. हे ठाऊक असल्यामुळेच रात्री मोजे बदलले जातात आणि बूट वाळवले जातात. सह्याद्रीतले अनेक पावसाळी भटके उलट टोकाला जातात : हलका, जाळीदार, स्वस्त बूट, जो ओढ्यात भिजतो आणि चालता चालता निथळतो. पाणी आत येणारच हे दोन्हीकडे मान्य आहे. त्यामुळे प्रश्न उरतो तो ते बाहेर कसे जाईल, एवढाच. शिवाय पायातले वजन पाठीवरच्या वजनापेक्षा फार महाग पडते, आणि भिजलेला, अस्तर असलेला बूट वाळायला दिवस घेतो.

यावर उत्तर येईल की हिमालयातल्या बर्फात, थंड चिखलात पडद्याचा उपयोग निर्विवाद आहे. आहेच. थंड व कोरड्या हवेत, गुडघाभर पाणी नसलेल्या वाटेवर, पायाला नीट बसणारा असा बूट उत्तम चालतो. आक्षेप त्या वस्तूला नाही. एका हवामानाचे गुण दुसऱ्या हवामानात, तेही जुळत नसलेल्या मापात, एकाच शब्दाच्या जोरावर विकण्याला आहे.

आणि त्या शब्दामागे मोजमाप काय असते? ‘१०,००० मिलिमीटर’ असा आकडा अनेक ठिकाणी दिसतो. ती कापडाच्या तुकड्यावरची जलस्तंभ चाचणी असते, शिवलेल्या, वाकणाऱ्या बुटावरची नव्हे. सुरक्षा-पादत्राणांच्या आंतरराष्ट्रीय मानकात पूर्ण बुटाच्या जलरोधकतेची वेगळी चाचणी आणि वेगळी खूण आहे. कारखान्यातल्या कामगाराच्या बुटाला जी कसोटी लागू शकते, ती गिर्यारोहकाच्या दुप्पट किमतीच्या बुटाच्या खोक्यावर शोधून सापडत नाही. १ ऑगस्ट २०२४ पासून देशात पादत्राणांवर मानकचिन्हाची सक्ती आली, हे चांगले झाले. पण ते चिन्ह तळाची झीज, वाकण्याची सहनशक्ती, जोडाची पकड अशा गोष्टींविषयी बोलते. पाऊल आत कसे बसते, याविषयी ते मौन आहे.

म्हणूनच ‘भा’ची बातमी ज्या तऱ्हेने दिली गेली, ती खटकते. आता इंग्रजी दहा मापांऐवजी आठच मापे पुरतील, अर्ध्या मापांची गरजच उरणार नाही, असे कौतुकाने लिहिले गेले. ते आठ म्हणजे तान्ह्या बाळापासून प्रौढ पुरुषापर्यंतचे वय आणि लिंगानुसार पाडलेले गट आहेत. एकेका गटात लहानमोठी पावले असणारच. कमी मापे ही कारखान्याची सोय झाली. पायाची सोय जास्त मापांत असते. लांबी आणि रुंदी दोन्ही मिलिमीटरमध्ये सांगणारी मोंडोपॉइंट पद्धती स्कीच्या बुटांत वर्षानुवर्षे रुळलेली आहे. लाखभर पावलांची त्रिमितीय मोजणी हातात असलेल्या देशाने त्याहून कमी का मागावे? स्थिर उभ्या पावलाची मोजणी ही सुरुवात झाली; ओझे घेतलेले, उतारावरचे, सहा तास चाललेले पाऊल अजून मोजायचे आहे. विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांना यात हात घालण्यासाठी अवाढव्य यंत्रेही लागत नाहीत. दाबमापक तळवा, आर्द्रतामापक आणि एक डोंगर पुरेसा आहे.

तोवर ग्राहकाने दुकानात निदान तीन गोष्टी विचाराव्यात : फर्म्याची रुंदी किती, जलरोधकतेची चाचणी कापडाची की बुटाची, आणि बूट कोणत्या साली बनला. तिसरा प्रश्न विक्रेत्याला विचित्र वाटेल. परंतु अनेक बुटांचा मधला तळ पॉलियुरेथेनच्या फेसाचा असतो, आणि त्यातला पॉलिएस्टर प्रकार उष्ण दमट हवेत, न वापरता कपाटात ठेवला तरी, पाण्याच्या रेणूंनी हळूहळू तुटत जातो. काही वर्षांनी तो दिसायला नवाकोरा असतो आणि वाटेवर, पहिल्याच दिवशी, तळ चुरा होऊन सुटतो. किनारपट्टीवरच्या गोदामात चार पावसाळे काढलेला बूट सवलतीत मिळाला, तर ती सवलत कशाची आहे हे खोक्यावरची तारीखच सांगेल, छापलेली असेल तर.