घरातला पडदा आणि दोन पिढ्या

सभा, मोर्चे, शिबिरे आणि निवडणुका यांच्या धबडग्यात कार्यकर्त्याच्या घरी संध्याकाळी काय घडते, याचा विचार पक्षाच्या व्यासपीठावरून क्वचितच होतो. महिन्यातून एखादा रविवार मोकळा मिळतो. मुले म्हणतात, आज सगळ्यांनी मिळून सिनेमा पाहू या. वडील मान डोलावतात आणि मग वाद सुरू होतो. धाकट्याला कार्टून हवे असते, थोरलीला मारधाडीचा नवा चित्रपट, आजीला जुना मराठी बोलपट आणि वडिलांना, खरे म्हणजे, बातम्या. आई स्वयंपाकघरातून अद्याप बाहेरच आलेली नसते. अर्ध्या तासाने ज्याचा त्याचा फोन ज्याच्या त्याच्या हाती जातो आणि एका खोलीत चार माणसे चार ठिकाणी जाऊन बसतात. प्रसंग क्षुल्लक वाटतो. परंतु समाजवादी म्हणवणाऱ्याने त्याला क्षुल्लक समजू नये.

एकत्र बसून चित्रपट पाहणे ही महाराष्ट्राला नवी गोष्ट नाही. जत्रेतला तंबू, गणेशोत्सवात रस्त्याच्या मधोमध ताणलेला पांढरा पडदा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना बसलेले प्रेक्षक, 2 ऑक्टोबर 1972 रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाल्यावर चाळीतल्या एकुलत्या एका संचापुढे जमलेले बिऱ्हाडकरू, ही दृश्ये अनेकांच्या स्मरणात आहेत. त्यांचे कौतुक करताना भाबडेपणा नको. खुर्चीवर कोणी बसायचे, सतरंजीवर कोणी आणि दाराबाहेर उभे राहून कोणी पाहायचे, हे त्या काळी जातीने व पैशाने ठरत असे. तरीही पडदा एक होता आणि गोष्ट एक होती. नातवंडे आणि आजोबा एकाच प्रसंगाला हसत होते, आणि कोण कशाला हसले हे एकमेकांना दिसत होते. आज बाजारपेठेला उमगले आहे की एका कुटुंबाला एक चित्रपट विकण्यापेक्षा एकाच घरातल्या चौघांना चार निरनिराळे कार्यक्रम विकणे अधिक किफायतशीर असते. घराची फाळणी झाली आहे ती वयानुसार, आणि तिचा नफा कोणाच्या खिशात जातो हे सांगण्याची गरज नाही.

शासनाकडून या बाबतीत फारशी अपेक्षा बाळगता येत नाही. स्वातंत्र्यानंतर मुलांसाठी चांगले चित्रपट ही समाजाची जबाबदारी आहे, या जाणिवेतून 1955 मध्ये बालचित्र समितीची स्थापना झाली. तिच्या कारभारावर टीका करण्यास जागा होती. परंतु मुलांची करमणूक केवळ गल्ल्यावर सोपवू नये हे तत्त्व तिच्या अस्तित्वानेच मान्य झाले होते. 2022 मध्ये ती समिती राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्यात आली. 2023 च्या दुरुस्ती कायद्याने प्रमाणपत्रांत सात, तेरा आणि सोळा वर्षे अशा पायऱ्या आणल्या, हे योग्यच झाले. मात्र प्रमाणपत्र मुलापासून काय दूर ठेवावे एवढेच सांगते. त्याच्यापुढे काय ठेवावे, हे घरालाच ठरवावे लागते.

हे ठरवताना सर्वसाधारणपणे दोन चुका होतात. पहिली चूक गल्लाभरू चित्रपटाची. त्यात मुलांसाठी रंग आणि धावपळ असते आणि मोठ्यांसाठी मुलांच्या डोक्यावरून जाणारे दोन-चार चावट विनोद. दोघांना काही ना काही मिळते, पण दोघांना मिळून काहीच मिळत नाही. दुसरी चूक मात्र आपल्या घरांत अधिक आढळते आणि तिच्याविषयी कोणी बोलत नाही. कार्यकर्ता चित्रपट निवडतो तो विषय पाहून. पर्यावरण, व्यसनमुक्ती, अंधश्रद्धा, राष्ट्रीय एकात्मता! मुले दहा मिनिटांत ओळखतात की ही करमणूक नसून अभ्यासवर्ग आहे, आणि हळूहळू काढता पाय घेतात. पुढे ती चळवळीकडेही तशीच पाठ फिरवतात, तेव्हा पित्याला आश्चर्य वाटते. ज्या चित्रपटाचा कंटाळा स्वतः वडिलांनाही येतो तो मुलांच्या माथी मारणे हा प्रामाणिकपणा नव्हे.

मग दोन्ही पिढ्यांना धरून ठेवणारा चित्रपट ओळखावा कसा? अशा काही चित्रपटांकडे पाहिले म्हणजे एक साधी खूण सापडते. त्यांच्या केंद्रस्थानी एक वस्तू किंवा एक प्राणी असतो. त्याची किंमत ठरलेली असते आणि ती किंमत घराला परवडणारी नसते.

व्हित्तोरिओ डी सिकाचा 'बायसिकल थीव्हज' हा 1948 चा इटालियन चित्रपट घ्या. युद्धोत्तर रोममधल्या बेकार अंतोनिओला भित्तिपत्रके चिकटवण्याचे काम मिळते, पण त्यासाठी सायकल हवी. बायको घरातल्या चादरी गहाण टाकून सायकल सोडवून आणते आणि कामाच्या पहिल्याच दिवशी ती चोरीला जाते. मजीद मजिदीच्या 'चिल्ड्रन ऑफ हेवन' या 1997 च्या इराणी चित्रपटात अलीच्या हातून धाकट्या बहिणीचे बूट हरवतात. बापाकडे नव्यांसाठी पैसे नाहीत हे दोघांनाही ठाऊक असते, म्हणून एकच जोड आळीपाळीने घालून ती दोघे शाळेत जातात. मंगेश हाडवळे यांच्या 2008 च्या 'टिंग्या'त शेतकऱ्याच्या घरचा बैल जायबंदी होतो. बाप त्याला विकायला निघतो आणि पोराला प्रश्न पडतो की आजारी माणसाला कोणी विकत नाही, मग बैलालाच का विकायचे? परेश मोकाशी यांच्या 2014 च्या 'एलिझाबेथ एकादशी'त पंढरपूरच्या विधवा आईचे विणकामाचे यंत्र कर्जापायी जप्त होते आणि बापाने घडवलेली सायकल विकण्याची वेळ येते. तेव्हा मुले यात्रेत बांगड्यांचे दुकान मांडतात. त्याच वर्षीचा सर्वोत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार या चित्रपटाबरोबर विभागून मिळालेल्या 'काका मुट्टै' या तमिळ चित्रपटात चेन्नईच्या झोपडपट्टीतले दोघे भाऊ रेल्वेमार्गावर सांडलेला कोळसा वेचून पिझ्झासाठी पैसे साठवतात. पैसे जमतात, पण दुकानाच्या दारातून आत कोणाला सोडायचे हे केवळ पैशावर ठरत नाही, हे त्यांना थप्पड खाऊन कळते.

या गोष्टी मुलाला का आवडतात? कारण मुलाच्या जगात हरवलेला बूट ही खरोखरच मोठी आपत्ती असते, आणि येथे तिला कोणी हसत नाही. मोठ्यांना का आवडतात? कारण त्या बुटामागे थकलेले घरभाडे, दुकानदाराची उधारी आणि बापाचा रोजगार उभा आहे, हे त्यांना दिसते. दोघे एकाच प्रसंगाकडे पाहतात आणि दोघांनाही पुरेपूर मिळते. वर्गविग्रहावरील व्याख्यान ऐकण्याचे मुलाचे वय नसते. परंतु एकाच्या घरी नसलेली वस्तू दुसऱ्याच्या घरी सहज पडलेली असते, हा अन्याय त्याला कोणी शिकवावा लागत नाही. चित्रपटाने त्या जाणिवेवर विश्वास ठेवला म्हणजे पुरे.

याहून महत्त्वाची एक गोष्ट आहे. 'बायसिकल थीव्हज'च्या अखेरीस हताश झालेला बाप स्वतःच दुसऱ्याची सायकल चोरू पाहतो, पकडला जातो, आणि हे सारे लहानगा ब्रूनो पाहतो. त्याचा हात मग बापाच्या हातात जातो. हा प्रसंग मुलाशेजारी बसून पाहणे कोणत्याही पित्याला सोपे नाही. कष्टकऱ्यांच्या घरांत कर्ज, गेलेली नोकरी, सावकाराचे बोलणे मुलांपासून लपवले जाते. मुलांना ते ठाऊक असते, आणि त्यांना ठाऊक आहे हे मोठ्यांनाही ठाऊक असते, पण बोलत कोणीच नाही. बापाच्या पराभवात दोष बापाचा किती आणि व्यवस्थेचा किती, हे मुलाला कोणी समजावून देत नाही. मग ते मूल बापाला नालायक समजत मोठे होते. अशा घरात पडद्यावरचा दुसराच कोणी बाप, दुसऱ्याच देशातला, ती कोंडी फोडू शकतो. मराठी मनाला हे अपरिचित नाही. साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या 'श्यामची आई'तही कर्जाने पोखरलेले घर आणि दारी आलेला सावकाराचा माणूस आहे. अत्र्यांनी 1953 साली त्यावर काढलेल्या चित्रपटाला राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळाले. तो लहानांचा की मोठ्यांचा, असा प्रश्न कोणाला पडला नाही.

मुलांना दुःख कशाला दाखवायचे, अशी एक शंका घेतली जाते. मुले दुःख सोसू शकतात. फसवणूक त्यांना सोसत नाही. शिवाय वर उल्लेखिलेल्या चित्रपटांत रडण्याइतकेच हसणेही आहे. पण दारिद्र्याचेच चित्रपट पाहावेत असा आग्रह धरणे हाही एक कर्मठपणाच ठरेल. चॅप्लिनचा 'मॉडर्न टाइम्स' 1936 चा आहे. कारखान्याच्या पट्ट्यामागे धावणारा तो वेडा कामगार पाहून पाच वर्षांचे मूल खदखदून हसते आणि गिरणीत आयुष्य घालवलेले आजोबाही हसतात. मात्र आजोबांच्या हसण्यात आणखीही काही मिसळलेले असते. सत्यजित राय यांनी आजोबा उपेंद्रकिशोर यांच्या कथेवरून 1969 मध्ये 'गुपी गाइन बाघा बाइन' काढला. त्यात भुतांचा नाच आहे, जादूचे जोडे आहेत, आणि आकाशातून मिठाई उतरताच उपाशी सैनिक लढाई सोडून तिच्यावर तुटून पडतात. युद्धाविषयी याहून स्पष्ट विधान क्वचितच कोणी केले असेल, आणि ते कळण्यासाठी मुलाला एकही व्याख्यान ऐकावे लागत नाही.

राहता राहिले व्यवहाराचे प्रश्न. लहान मुलांना तळाच्या ओळी वाचता येत नाहीत, म्हणून आरंभ मराठी चित्रपटांपासून किंवा चॅप्लिनच्या मूकपटांपासून करावा. पुढे परभाषेतले चित्रपट घ्यावेत आणि घरातल्या मोठ्या मुलाने धाकट्याला मोजक्या शब्दांत अर्थ सांगत जावे. 'चिल्ड्रन ऑफ हेवन' किंवा 'एलिझाबेथ एकादशी' सुमारे दीड तासाचे आहेत. मुलांच्या झोपेची वेळ टळत नाही. निवडीचा अधिकार आळीपाळीने सर्वांना असावा. मुलाने निवडलेला चित्रपट वडिलांनीही शेवटपर्यंत पाहावा. घरात लोकशाही नसेल तर सभेत तिच्याविषयी बोलण्याला अर्थ उरत नाही. स्वयंपाक सर्वांनी मिळून आधी आटोपावा. आई ओट्याशी उभी असताना पाहिलेल्या चित्रपटाला कुटुंबाचा चित्रपट म्हणता येणार नाही. आणि चित्रपट संपल्यावर चर्चासत्र मुळीच घेऊ नये. मुलाला विचारायचे असेल तेव्हा ते विचारील. कदाचित तीन दिवसांनी, भलत्याच वेळी. त्या वेळी वडील घरी असले पाहिजेत.

पुष्कळ घरांत मोठा पडदा नाही आणि बसायला जागाही नाही. तेथे शाखांनी पुढे यावे. पक्षाच्या कार्यालयात, सेवा दलाच्या जागेत किंवा वस्तीतल्या समाजमंदिरात, आवश्यक ती परवानगी घेऊन, महिन्यातून एका शनिवारी भिंतीवर चित्रपट दाखवणे फार खर्चाचे काम नाही. भाषण नको, हारतुरे नकोत, झेंडाही नको. सतरंजी एकच असावी आणि तिच्यावर सर्वांनी बसावे. लहान मुले, त्यांच्या आया, कामावरून आलेले बाप आणि म्हातारी माणसे एकाच गोष्टीला एकाच वेळी हसली, तर बाजाराने वेगळे केलेल्यांपैकी काही माणसे तेवढ्या वेळापुरती का होईना एकत्र आली असे होईल. चळवळीची अनेक मोठी कामे याहून कमी फळ देतात.