मधले नाव कोणाचे?

मराठी माणसाच्या नावात तीन पदे असतात. पहिले त्याचे स्वतःचे, शेवटचे कुळाचे आणि मधले पित्याचे. २ जानेवारी २०२१ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने एका निवडणूक प्रकरणात निकाल दिला. जळगाव जिल्ह्यातील भादली बुद्रुकच्या तृतीयपंथी उमेदवार अंजली पाटील यांचा, ग्रामपंचायतीच्या महिला राखीव जागेसाठीचा अर्ज फेटाळला गेला होता. न्यायालयाने तो ग्राह्य ठरविला आणि त्याच महिन्यात गावाने त्यांना निवडूनही दिले. बातमी सर्वत्र छापून आली. न्यायालयाच्या कागदांवरील नाव मात्र फारसे कोणी वाचले नसावे. ते आहे ‘अंजली गुरू संजना जान’. पित्याच्या जागी गुरू.

ही किन्नर समाजाची रीत आहे आणि तिला नाके मुरडण्याचा अधिकार इतरांना नाही. ज्यांना घर उरले नाही, त्यांना या गुरूंनी छत दिले. विचार करायचा तो आपल्या कुटुंबांनी. मधली ती जागा रिकामी झालीच कशी?

भादलीवरून जाणारा लोहमार्ग भुसावळ ओलांडून पूर्वेकडे मलकापूर, नांदुरा, शेगाव असा बुलढाणा जिल्ह्यातून जातो. मूल घाटावरच्या चिखली-मेहकरचे असो वा घाटाखालच्या एखाद्या खेड्यातले, घर तुटले की त्याला हाच फलाट गाठावा लागतो. पुढे काय वाढून ठेवलेले असते, हे सुशिक्षितांस ठाऊक नाही असे नाही. डब्याडब्यांतून टाळी वाजवीत मागणे, आणि कित्येकांच्या वाट्याला अडाणी हातांनी, वैद्यकीय साहाय्याविना उरकलेले ‘निर्वाण’. त्यात प्राणही जातात.

घरात आधी कळते ते आईला. ती पदराआड झाकते. सिंदखेडराजाच्या जिल्ह्यात मातृत्वावर व्याख्याने उदंड होतात, पण या एकट्या पडलेल्या आईशी बोलायला कोणी जात नाही. वडिलांना कळते तेव्हा मारहाण होते, कोंडणे होते, अंगारे-धुपारे होतात. आणि अखेरचा रामबाण म्हणून लग्न! ‘दोनाचे चार हात झाले की ताळ्यावर येईल’ असे म्हणणारे मामा-काका प्रत्येक घरात असतात. परक्या घरची निरपराध लेक या प्रयोगासाठी आणली जाते, याची टोचणी कोणालाच लागत नाही.

हे सारे पाश्चात्त्यांकडून आलेले खूळ आहे, असे म्हणून मोकळे होणाऱ्यांनी अमरकोश उघडावा. ‘तृतीया प्रकृती’ हा शब्द तेथे आहे. त्याहूनही बोलकी आहे ती महाभारताच्या उद्योगपर्वातील शिखंडीची कथा. द्रुपदाने कन्येस पुत्र म्हणून वाढविले, धनुर्विद्या शिकविली, आणि दशार्णराज हिरण्यवर्म्याच्या कन्येशी विवाहही लावला. त्या विवाहाने प्रश्न सुटला नाही. उलट अपमानित व्याह्याचे सैन्य पांचालांवर चालून येण्याची वेळ आली. आपल्यापायी आई-वडील दुःखात बुडाले, हे पाहून ते मूल प्राणत्यागासाठी अरण्यात निघून गेले. तेथे स्थूणाकर्ण यक्ष भेटला म्हणून ते परतले. मलकापूरच्या फलाटावर यक्ष भेटत नाही.

ठाण्याच्या लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांच्या पित्याची भूमिका प्रसिद्ध आहे. कर्मठ ब्राह्मण घर, लष्करी शिस्तीचा माणूस. लक्ष्मीला घराबाहेर का काढावे, असे मूल कोणाच्याही पोटी जन्मू शकते, हाकलून दिले तर भीक मागण्यावाचून त्याला मार्ग उरत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. उज्जैनच्या २०१६च्या सिंहस्थात किन्नर आखाडा उतरला, तेव्हा त्याचे नेतृत्व याच लक्ष्मी करीत होत्या.

घरात ठेवणे म्हणजे मुलाच्या प्रत्येक इच्छेस तत्काळ मान तुकविणे नव्हे. अजाण वयात शरीरावर न पुसता येणारे काही करण्याची घाई नको. जाणत्या मानसोपचारतज्ज्ञाचा सल्ला घ्यावा, सज्ञान होईपर्यंत धीर धरावा, आणि शाळा मात्र एक दिवसही सुटू देऊ नये. ‘पूर्ववत करून देतो’ म्हणणाऱ्या डॉक्टरापासून दूर राहावे; असे उपचार राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये व्यावसायिक गैरवर्तन ठरविले आहेत. संसदेच्या २०१९च्या कायद्याने तर अशा व्यक्तीस बळाने घर सोडावयास लावणाऱ्यास सहा महिने ते दोन वर्षे कारावास सांगितला. परंतु पित्याच्या उंबरठ्यावर कायदा उभा करावा लागणे, हीच लाजिरवाणी गोष्ट.

संपर्कासाठी घरोघरी जाणाऱ्या कार्यकर्त्याच्या कानी अशी गोष्ट इतरांच्या आधी येते. ती चार ठिकाणी न बोलता त्याने पुन्हा त्या घरी जावे, मुलाला त्याच्या नावाने हाक मारावी, आणि वडिलांसोबत नेहमीसारखा चहा घ्यावा. गावात बोलणी कोणती आणि कशी सुरू होतात, ते पुष्कळदा यावरच ठरते.