जप्तीचा हात कोणावर?

समुद्रात बेकायदा मासेमारी करणाऱ्या नौका आणि त्यांवरील मासळी सरकारने जप्त केल्याच्या वार्ता शहापूर-मुरबाडच्या वाचकाला परमुलखातल्या वाटतात. वस्तुतः तसे नाही. तानसा, भातसा, मोडकसागर, बारवी ही धरणे याच मुलखात आहेत, आणि जप्तीचा कायदा त्यांच्या काठापर्यंत पोहोचलेला आहे.

सागरी जप्तीचे समर्थन केलेच पाहिजे. पर्ससीन जाळी आणि एलईडी दिव्यांचा झोत लावून थवेच्या थवे उपसणारा भांडवलदार नौकामालक पारंपरिक मच्छीमाराच्या तोंडचा घास काढून घेतो. महाराष्ट्राने 1981 साली सागरी मासेमारी नियमन अधिनियम केला. पण प्रकरणे तहसीलदारापुढे रखडत आणि दंड नफ्यापुढे किरकोळ ठरे. 2021च्या दुरुस्तीने निवाड्याचे अधिकार मत्स्यव्यवसाय खात्याकडे आले व एलईडी मासेमारीस 5 ते 20 लाख रुपये दंड ठरला. धनिकाच्या नौकेला हात लावण्यास सरकारला चाळीस वर्षे लागली!

जलाशयाकाठी चित्र उलटे आहे. तानसा तलाव अभयारण्यात आहे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972च्या कलम 39 प्रमाणे गुन्ह्यात वापरलेली व जप्त झालेली होडी किंवा साधन सरकारची मालमत्ता ठरते. अन्य तलावांत मासेमारीचा ठेका दिला जातो. ठेकेदार संस्थेत ज्या कातकऱ्याचे वा ठाकराचे नाव नाही, तो बापजाद्यांच्या पाण्यावर चोर ठरतो. ज्यांच्या शेजारचे पाणी मुंबईला जाते व ज्यांच्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर येतो, त्यांनी मासळीवरही हक्क सांगू नये काय? नौकामालक वकील उभा करू शकतो. जाळे हेच ज्याचे भांडवल, त्याचे जाळे पंचनाम्याविना उचलले गेले तर त्याने दाद कोठे मागावी?

वनहक्क कायदा, 2006च्या कलम 3(1)(घ) ने वनक्षेत्रातील जलाशयांतील मासळीवर सामूहिक हक्क मान्य केला आहे. हा कायदा अभयारण्यासही लागू आहे. तेव्हा ग्रामसभेच्या दाव्याचा निकाल लागेपर्यंत पोटापुरत्या मासेमारीवर जप्ती करू नये, आणि सुरुंग वा विष वापरणाऱ्यावर केली तर पंचनाम्याची मराठी प्रत जागेवरच द्यावी, ही मागणी शहापूर व मुरबाडच्या तहसील कचेऱ्यांवर गेली पाहिजे. सामूहिक दाव्याच्या अर्जात मासळी व जलाशयासाठी स्वतंत्र रकाना आहे. तो कोरा ठेवून एकही अर्ज पुढे जाणार नाही, एवढे कार्यकर्त्यांनी पाहावे.